वॅटच्या इंजिनाला सिलिंडर मिळेपर्यंत

लोहभट्टी

जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनासाठी वेगळ्या कंडेन्सरची (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भांड्याची) कल्पना सुचली १७६५ च्या मे महिन्यात, ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर रविवारी फिरायला गेला असताना. त्या कल्पनेवरची पहिली विकाऊ इंजिनं चालू झाली १७७६ मध्ये. मधली जवळपास अकरा वर्षं शाळेच्या पुस्तकात नसतात. तिथे किटलीचं झाकण उडतं, मुलगा बघत राहतो आणि पुढच्याच ओळीत औद्योगिक क्रांती सुरू होते. मला त्या अकरा वर्षांबद्दल लिहायचं आहे, कारण यंत्रयुगाच्या सुरुवातीची खरी गोष्ट तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे. कल्पना तयार होती, पैसे लावणारा भागीदार होता, १७६९ मध्ये पेटंटही हातात आलं होतं. पुरेसं गोल सिलिंडर मात्र कुणाला बनवता येत नव्हतं.

आधी न्यूकोमेन, कारण त्याच्याशिवाय वॅट कळत नाही. थॉमस न्यूकोमेन हा डेव्हनमधल्या डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याचं इंजिन १७१२ मध्ये डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर उभं राहिलं. एक मोठी तुळई मध्यावर टेकवलेली, तिच्या एका टोकाला खाणीत उतरणाऱ्या पंपाच्या दांड्या आणि दुसऱ्या टोकाला साखळीने अडकवलेला पिस्टन. पंपाच्या दांड्यांच्या वजनाने पिस्टन वर जायचा आणि खालून सिलिंडरमध्ये वाफ भरायची. मग आत थंड पाण्याची पिचकारी. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी, आणि वरची हवा पिस्टनला खाली दाबणार. म्हणजे काम करायची ती बाहेरची हवा. वाफ फक्त पोकळी करण्यापुरती. सिलिंडरचा व्यास २१ इंच, मिनिटाला १२ ठोके, दर ठोक्याला १० गॅलन पाणी.

वॅट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. १७६३ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाचं वर्गात दाखवायचं मॉडेल आलं. दोन इंच व्यासाचं सिलिंडर. दुरुस्त करूनही ते चार ठोके मारून थांबायचं, बॉयलरची वाफ पुरायचीच नाही. इतर कुणी बॉयलर मोठा केला असता. वॅट मोजायला बसला. एका ठोक्याला सिलिंडर भरायला जेवढी वाफ लागायला हवी, त्याच्या कितीतरी पट खर्च होत होती. बाकीची जात होती नुकतंच थंड केलेलं सिलिंडर पुन्हा तापवण्यात. तवा तापवायचा, त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि प्रत्येक पोळीला हेच करायचं, असा तो हिशेब होता. मॉडेल लहान, म्हणजे आतल्या जागेच्या मानाने धातूचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तिथे ही नासाडी उठून दिसली.

त्यावरचा त्याचा उपाय असा: सिलिंडर कायम गरम ठेवायचं, आणि वाफ थंड करायला शेजारी दुसरं भांडं ठेवायचं. पोकळी त्या भांड्यात तयार होईल आणि वाफ तिकडे ओढली जाईल.

आता अडचण बघा. न्यूकोमेनच्या पिस्टनला कातड्याची चकती असायची आणि वर पाण्याचा थर. सिलिंडर थोडं वाकडं असलं तरी फटीतून हवेऐवजी पाणी झिरपणार, आणि आत नाहीतरी थंड पाणीच मारायचं होतं. त्यामुळे बिघडायचं काही नाही. वॅटचं सिलिंडर मात्र गरम. तिथे पाणी झिरपलं की त्याची वाफ होणार आणि पोकळी संपणार. ज्या सुधारणेने कोळसा वाचणार होता, तिनेच पाण्याच्या थराची सोय काढून घेतली. पिस्टन आणि सिलिंडर यांचं कोरडं, घट्ट बसणं आता अनिवार्य झालं.

भागीदार डॉ. जॉन रोबक यांच्या किनील हाउसच्या आवारात वॅटने इंजिन उभं केलं. एका सिलिंडरच्या भोकात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास यांच्यात तीन सूत, म्हणजे ३/८ इंच फरक निघाला. फट बुजवायला त्याने बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या, कागदाचा लगदा, घोड्याची लीद असं सगळं वापरून पाहिलं. वाफ गळतच राहिली. पोटासाठी तो कालव्यांची मोजणी करत हिंडत होता. १७७३ मध्ये रोबक दिवाळखोरीत गेला, त्याच वर्षी वॅटची बायको वारली. रोबकचा वाटा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने घेतला आणि १७७४ मध्ये वॅट तिकडे राहायला गेला.

आणि तिथे जॉन विल्किन्सन भेटला. रेक्सहॅमजवळ बर्शम इथे त्याचा लोखंडाचा कारखाना होता. १७७४ मध्ये त्याने तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं: भरीव ओतलेली तोफ फिरवायची आणि कापणारं हत्यार सरळ आत सरकवायचं. सिलिंडरसाठी त्याने १७७५ च्या सुमारास वेगळं यंत्र केलं. सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडं असतं, म्हणून जाड दांडा आरपार घातला, त्याची दोन्ही टोकं पक्क्या आधारांवर बसवली, सिलिंडर जागच्या जागी आवळलं आणि पाणचक्कीवर दांडा फिरवला. पुढच्या वर्षी बोल्टनने लिहून ठेवलं की ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढासुद्धा फरक कुठे नाही. हे सिलिंडर टिप्टनच्या ब्लूमफील्ड खाणीवर बसलं. दुसरं इंजिन विल्किन्सनने स्वतःच्याच भट्टीचा भाता चालवायला घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की १७६५ च्या रविवारइतकाच मान बर्शमच्या त्या दांड्याला मिळाला पाहिजे. शोध लागला असं आपण म्हणतो तेव्हा तो करून दाखवणारी हत्यारं कुणी घडवली, हे कुणी विचारत नाही. जाणकारांनी भर घालावी.

निवृत्त टर्नर

लोहभट्टी, मनापासून आभार. आयुष्य लेथ आणि बोरिंग मशीनवर गेलं, पण आमच्या कामाचा हा इतिहास असा सलग कुणी सांगितला नव्हता.

दोन्ही टोकांना आधार ही गोष्ट वाचायला साधी वाटते, म्हणून ती जरा उलगडतो. जुन्या पद्धतीत कटर लांब दांड्याच्या टोकाला असायचा आणि दांडा एकाच बाजूने धरलेला. पुढचं टोक लोंबू नये म्हणून त्याच्याखाली छोटा गाडा, आणि तो गाडा सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावरूनच चालायचा. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कास्टिंग, म्हणजे ओतलेला तुकडा, जिथे वाकडा, तिथे गाडा वाकडा जाणार आणि कटर त्याच्यामागे तसाच. भोक गुळगुळीत होईल, सरळ होणार नाही. ओतकामात जो बाक आला असेल तो कोरल्यावरही तिथेच राहणार.

विल्किन्सनच्या यंत्रात कटरला वाट दाखवायचं काम कास्टिंगकडून काढून दांड्याकडे दिलं. दांडा सरळ, म्हणून भोक सरळ. दांडा पोकळ होता, त्याला लांबीभर खाच होती आणि आतून दातेरी पट्टीने कटरचं डोकं हळूहळू पुढे सरकवायचे. पुढे सरकण्याची चाल ठरावीक, त्यामुळे कापही सारखा.

आणि वाकण्याचं गणित बघा. एकाच लांबीचा, एकाच जाडीचा दांडा घ्या. एका टोकाला धरून दुसऱ्या टोकावर भार दिला तर जेवढा वाकतो, त्याच्या सोळावा भाग वाकतो तो दोन्ही टोकं टेकवून मधोमध तोच भार दिल्यावर. सोळा पट फरक फक्त आधार कुठे आहे त्यावरून. शिवाय एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली तर वाकणं आठ पट होतं. सहा-सात फुटांचं सिलिंडर एका बाजूने कोरताना काय होत असेल ते कुठल्याही टर्नरला सांगावं लागणार नाही. बार थरथरतो, चॅटर येतो (कटर कापताना कंप पावतो), जॉबवर, म्हणजे कोरायच्या वस्तूवर, लाटा उमटतात, तोंडाशी माप बरोबर आणि आत टेपर, म्हणजे भोक निमुळतं. मापाची डायल लावली की काटा नाचतो.

शॉपमध्ये नवीन पोरगा आला की त्याला पहिली गोष्ट सांगायचो, टूल जितका कमी बाहेर काढता येईल तितका कमी काढ. तोच धडा बर्शमला शिकलेला आहे.

माळरान

लेख उत्तम, पण न्यूकोमेनला तुम्ही वॅटच्या आधीची पायरी करून टाकलंत, आणि त्याला माझा विरोध आहे.

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये २००० हून जास्त इंजिनं उभी राहिली. त्यातली बोल्टन आणि वॅट यांची ५०० च्या आसपास. म्हणजे बहुसंख्य इंजिनं न्यूकोमेनच्याच जातीची होती, आणि वॅटचं पेटंट चालू असतानाही लोक ती नव्याने बांधत होते. का? कारण कोळशाच्या खाणीच्या तोंडावर कोळसा वाचवायची गरजच नव्हती. बाजारात न विकला जाणारा बारीक चुरा तिथे ढिगाने पडलेला असायचा. तो जाळायचा. साधं इंजिन, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असं, आणि वॅटला द्यावे लागणारे पैसे नाहीत.

आणि खरी उडी तर १७१२ मध्येच मारली गेली होती. आगीपासून हालचाल मिळते, आणि ती दिवसरात्र, माणसाच्या किंवा घोड्याच्या दमाशिवाय मिळते, हे आधी कुणी मोठ्या प्रमाणात करून दाखवलं होतं? थॉमस सेव्हरीचं १६९८ चं पेटंट होतं, पण त्याच्या यंत्रात पिस्टनच नव्हता आणि खोल खाणीत ते उपयोगी पडलं नाही. उलट त्याचं पेटंट इतकं सर्वसमावेशक होतं आणि पुढे १७३३ पर्यंत वाढवलेलं, की न्यूकोमेनला त्याच्याच छत्राखाली काम करावं लागलं. न्यूकोमेन १७२९ मध्ये गेला. त्याचं एकही खात्रीचं चित्र उपलब्ध नाही. वॅटचे पुतळे मात्र गावोगाव.

तुमच्याच तर्काने बघा. न्यूकोमेनने आपलं यंत्र असं रचलं की त्या काळच्या कारागिराच्या हातून ते बनू शकेल. पाण्याचा थर म्हणजे वाकड्या सिलिंडरवरचं उत्तर होतं, तेही पन्नास वर्षं आधी सापडलेलं. उपलब्ध हत्यारांत बसेल असा शोध लावणं हे मला जास्त मोठं वाटतं.

लोहभट्टी

माळरान, पाण्याच्या थराबद्दलचा तुमचा मुद्दा मला फार आवडला आणि तो पूर्ण मान्य आहे. न्यूकोमेनने उणिवेसकट चालणारं यंत्र केलं.

कोळशाच्या हिशेबाला मात्र दुसरी बाजू आहे, ती म्हणजे कॉर्नवॉल. तिथे तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या, खोल होत्या, पाण्याने भरत होत्या, आणि कोळसा अजिबात नव्हता. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागायचा. तिथल्या खाणमालकासाठी प्रत्येक टोपली मोलाची. म्हणूनच बोल्टन आणि वॅट यांनी पैसे घ्यायची पद्धत कोळशाशी बांधली: जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश वाटा त्यांचा. इंजिनाने किती ठोके मारले ते मोजायला कुलूपबंद मोजणी-यंत्र तुळईवर बसवायचे. कॉर्नवॉलमध्ये काही वर्षांतच जुनी इंजिनं जवळजवळ नाहीशी झाली.

म्हणजे जिथे कोळसा फुकट, तिथे न्यूकोमेन टिकला आणि जिथे महाग, तिथे वॅट शिरला. दोघांची तुलना जागा सोडून करताच येणार नाही.

गिरणीचा भोंगा

आमच्या घरात दोन पिढ्या गिरणीत गेल्या, म्हणून या चर्चेत कापूस आणतो.

वाफेचं इंजिन आलं आणि कापडगिरण्या सुरू झाल्या असा क्रम बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. प्रत्यक्षात गिरण्या आधी पाण्यावर उभ्या राहिल्या. जॉन केचा उडता धोटा १७३३ चा. त्याने विणकराचा वेग वाढला आणि सुताची टंचाई झाली. मग जेम्स हार्ग्रीव्ह्जची जेनी आली, एकाच चाकावर अनेक चात्या फिरवणारी. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये क्रॉमफर्डला गिरणी काढली ती नदीकाठी, पाणचक्कीवर, म्हणून त्याच्या यंत्राचं नावच वॉटर फ्रेम. सॅम्युएल क्रॉम्प्टनचा म्यूल, हेही कातण्याचं यंत्र, १७७९ चा. त्याने सूत बारीकही झालं आणि मजबूतही. कापूस कातायला वॅटचं इंजिन पहिल्यांदा लागलं ते १७८५ मध्ये, नॉटिंगहॅमशायरमधल्या पॅपलविकला. तोवर गिरणी ही संस्था, तिची पाळी, तिचा पहाटेचा बोलावा, सगळं तयार झालेलं होतं.

यात एक तांत्रिक कारण होतं. पंपाला वरखाली चाल पुरते. गिरणीला गोल फिरणारा शाफ्ट लागतो, आणि तो एकसारख्या वेगाने फिरावा लागतो, नाहीतर धागा तुटतो. वरखाली चालीचं गोल फिरणं करून देणारा क्रँक वापरावा तर त्याचं पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्डने घेतलेलं. म्हणून वॅटने १७८१ मध्ये सूर्य-ग्रह गिअरची युक्ती पेटंटमध्ये टाकली. ती सुचली होती त्यांच्याकडे काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकला, असं सर्वसाधारणपणे मानतात. मग दोन्ही बाजूंनी ढकलणारा पिस्टन, मग १७८८ मध्ये वेग आवरणारा गव्हर्नर, दोन गोळे फिरवणारा. हे सगळं जमल्यावर गिरणीला नदी सोडता आली आणि मँचेस्टर वाढलं.

आता आपल्याकडे या. मुंबई बेटावर वाहतं पाणी कुठे आहे? क्रॉमफर्डसारखी गिरणी इथे होणंच शक्य नव्हतं. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये सूत निघायला लागलं, ते सुरुवातीपासून वाफेवरच. यंत्रं विलायतेतून, कोळसाही बराचसा तिकडूनच बोटीने. इंग्लंडमध्ये पाण्याकडून वाफेकडे जायला जो काळ लागला, तो मुंबईने पाहिलाच नाही. गिरणगाव जन्मला तोच बॉयलरच्या धुराड्यासोबत.

माझे आजोबा साचा खात्यात होते. वर छताला धरून लांबच लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक मागावर उतरणारे चामड्याचे पट्टे. पट्टा सुटला तर माणसाचा हात जायचा. हत्यारांच्या अचूकतेची चर्चा चालली आहे म्हणून मुद्दाम सांगतो, ती अचूकता यंत्राच्या आत होती. कामगाराच्या बाजूला जाळी बसायला फार वर्षं लागली.

नोंदवही

सगळे प्रतिसाद वाचतेय, फार शिकायला मिळतंय. एक प्रश्न: वॅटच्या पेटंटने पुढची प्रगती अडवली असं वाचलं होतं. १७७५ मध्ये संसदेने कायदा करून ते पेटंट थेट १८०० पर्यंत वाढवलं. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला वेगळ्या कंडेन्सरचं इंजिन बनवताच आलं नाही. याला अन्याय म्हणायचं की नाही?

लोहभट्टी

नोंदवही, अडवली हे खरं आहे, आणि मला ते योग्य वाटत नाही. जोनाथन हॉर्नब्लोअरने १७८१ मध्ये दोन सिलिंडरचं इंजिन पेटंट केलं: एका सिलिंडरमधून निघालेली वाफ दुसऱ्यात पुन्हा वापरायची. कल्पना पुढच्या शतकात सगळीकडे पसरली, पण त्यावेळी वॅटच्या पेटंटपुढे तिचा निभाव लागला नाही. पेटंट संपल्यावर कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी काय केलं ते फार बोलकं आहे. १८११ पासून त्यांनी प्रत्येक इंजिन किती कोळशात किती पाणी उपसतं याचे आकडे दर महिन्याला छापायला सुरुवात केली. कुणी लपवायचं नाही, कुणाची सुधारणा चांगली ते सगळ्यांना दिसणार. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या चांगल्या इंजिनांचं काम वॅटच्या इंजिनांच्या दुपटीच्याही वर गेलं.

पण सगळा दोष पेटंटवर टाकू नये. जास्त दाबाच्या वाफेला वॅटचा कडवा विरोध होता, आणि त्यामागे भीती खरी होती. रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाचं इंजिन केलं, त्यात कंडेन्सरची गरजच उरली नाही, इंजिन छोटं झालं आणि चाकांवर चढलं. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये पेनीडॅरनच्या रुळांवरून त्याने १० टन लोखंड आणि ७० माणसं सुमारे पावणेदहा मैल ओढून नेली. रूळ बिडाचे होते, ते त्या वजनाखाली तुटायला लागले. आणि आदल्याच वर्षी ग्रिनिचला त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून माणसं मेली होती. बॉयलरचे पत्रे, रिव्हेट, रूळ, सगळं कल्पनेच्या मागे होतं. मूळ धाग्यातली तीच गोष्ट पुन्हा, फक्त सिलिंडरच्या जागी आता बॉयलर आणि रूळ.

विल्किन्सनचंही सांगून टाकतो. तोफांचं पेटंट त्याच्याकडून १७७९ मध्ये काढून घेतलं गेलं, कारण एकाच माणसाच्या हाती तोफा कोरण्याची मक्तेदारी नौदलाला परवडणारी नव्हती. आणि नंतर तो वॅटच्या नकला वॅटला न सांगता बनवून विकतो हे उघड झालं, तेव्हा ही वीस वर्षांची जोडी तुटली. १७९५ मध्ये बोल्टन आणि वॅट यांनी बर्मिंगहॅमजवळ सोहोला स्वतःचा ओतकारखाना काढला.

बंदरकाठ

मुंबईचा विषय निघालाच आहे तर अर्देशीर खरसेटजी वाडिया यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातले, जन्म १८०८ चा. घराणं लाकडी जहाजांचं, ओढ मात्र वाफेची. त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचं छोटं इंजिन बनवलं. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट तयार केली. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, ते बघायला गव्हर्नरही आले होते. पुढे इंग्लंडला जाऊन इंजिनांचा अभ्यास केला, १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत आल्यावर मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले आणि त्यांच्या हाताखाली युरोपियन कारागीर काम करत होते. त्या काळात ही गोष्ट काहींना रुचली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

इथे मला लोहभट्टींचं म्हणणं अगदी पटतं. इंजिन विकत घेणं आणि इंजिन घडवणं यात जे अंतर असतं, ते वाडियांनी स्वतःच्या हातांनी काटलं. असे लोक आपल्याकडे आणखी निर्माण व्हायला हवे होते, आणि राज्यकर्त्यांना ते नको होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. रेल्वे आली १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे. इंजिनं मात्र दशकानुदशकं बहुतेक सगळी तिकडूनच आली.

मिडलंड्सची मराठी

मी बर्मिंगहॅमजवळ राहते. इच्छुकांसाठी: डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये न्यूकोमेनच्या १७१२ च्या इंजिनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. ते चालवतात तेव्हा समोर उभं राहून बघा. तुळई क्षणभर वर थबकते, आत पिचकारीचा आवाज येतो आणि मग अख्खी तुळई खाली झुकते. झडपा उघडायचं-मिटायचं काम तुळईलाच लोंबणारी फळी करते, तिच्यातल्या खुंट्या दांड्यांना ढकलतात. माळरान म्हणतात ते तिथे समजतं, हे यंत्र स्वतःचं स्वतः चालतं.

आणि शहरात थिंकटँक संग्रहालयात स्मेथविकचं १७७९ चं वॅट इंजिन आहे. कालव्याचं पाणी वरच्या पातळीवर चढवायला ते बसवलं होतं आणि १८९१ पर्यंत कामावर होतं. आज चालू शकणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून ते ओळखलं जातं. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी डडली, मग हे, या क्रमाने दाखवा. कंडेन्सर कुठे वाढला ते त्यांना न सांगता कळतं.

नोंदवही

निवृत्त टर्नर काका, एक शंका राहून राहून येतेय. सरळ भोकासाठी सरळ दांडा लागला. मग तो दांडा सरळ आहे हे कशावरून ठरवायचं? सरळ पट्टी करायला आधीची सरळ पट्टी लागणार, असं मागे मागे गेलं तर पहिली कुठून आली?

निवृत्त टर्नर

ताई, हा प्रश्न मला अप्रेंटिसशिपच्या काळात पडला होता. उत्तर सुंदर आहे.

सपाट पृष्ठभाग करायला सपाट नमुना लागत नाही. तीन प्लेटा लागतात. पहिलीला निळा रंग लावायचा आणि दुसरीवर घासायची. जिथे उंचवटा तिथे रंग उमटतो, तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. असं करत दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसतात. पण इथे थांबलात तर फसाल. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी त्या एकमेकींवर बसतीलच. म्हणून तिसरी. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली असं फिरवत राहायचं. तिन्ही प्रत्येकीशी बसल्या तर त्या सपाटच असल्या पाहिजेत, कारण तीन प्लेटा एकमेकींच्या एकाच वेळी फुगीर आणि खोलगट असू शकत नाहीत. बाहेरचा नमुना नाही, मोजपट्टी नाही, हातातून सपाटपणा निर्माण होतो. आणि एकदा सपाट प्लेट हाती आली की तिच्यावर घासून सरळ पट्टी करता येते, पट्टी लावून दांडा तपासता येतो.

लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेच्या शॉपमध्ये अशा प्लेटा प्रत्येक कामगाराच्या बाकावर असायच्या. हा माणूस १७७१ चा, वूलिचचा, जोसेफ ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यात वाढला. १७९७ मध्ये आठवड्याला ३० शिलिंगांपेक्षा जास्त मागितले, ब्रामाने नाही म्हटलं आणि त्याने स्वतःचं दुकान टाकलं. स्क्रूच्या बाबतीतही तुमच्यासारखाच प्रश्न होता: अचूक स्क्रू कापायला अचूक लीड स्क्रू (लेथवर हत्यार पुढे सरकवणारा स्क्रू) लागतो, तो कशावर कापायचा? मॉड्स्लेने ठरावीक कोनात तिरकं धरलेलं धारदार पातं फिरत्या मऊ धातूच्या दांड्यावर टेकवून मूळ आटे उमटवले, त्यातल्या चुका शोधून काढत चांगला स्क्रू केला आणि तो लेथला जोडला. त्या लेथवर त्याहून चांगला. त्याने कापलेला एक स्क्रू पाच फूट लांब, दोन इंच जाड, इंचाला ५० आटे. त्यावर बारा इंची नट, म्हणजे ६०० आटे एकाच वेळी धरणारा. ज्याने थ्रेडिंग केलं आहे त्याला या आकड्याचा अर्थ विचारा. पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात, जरा जरी चूक साठत गेली असती तर तो नट मध्येच अडकला असता.

त्याच्या बाकावरचा मायक्रोमीटर इंचाचा दहाहजारावा भाग दाखवायचा. आपण शॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतो, त्याचाही दहावा हिस्सा. बर्शमच्या शिलिंगच्या जाडीपासून इथवर यायला फार तर पन्नास-पंचावन्न वर्षं लागली.

लोहभट्टी

काका, हे वाचून मॉड्स्लेवर स्वतंत्र धागा काढायचं नक्की केलं आहे. पोर्ट्समथच्या गोदीतल्या कप्पी-कारखान्याबद्दल त्यात सविस्तर लिहीन. मार्क ब्रुनेलची रचना, मॉड्स्लेची ४५ यंत्रं, आणि १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या, जिथे ११० कुशल कारागिरांचं काम दहा साधे मजूर करू लागले. त्या ११० जणांचं पुढे काय झालं यावर ‘गिरणीचा भोंगा’ यांनी तिथे जरूर लिहावं.